मेलेल्याच्या वतीने कोण बोलणार?



गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर एक बहीण दाराशी थांबून राहिली. हातात स्टँप पेपर होता. वडील जाऊन वर्ष झाले होते; मागे आई, दोन भाऊ, ही एक मुलगी आणि साडेचार एकर कोरडवाहू. भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले होते. तिने मला एवढेच विचारले, "फादर, सही करून देऊ काय? नाही म्हटलं तर माहेर तुटते."

मला उत्तर सुचले नाही. सुचले ते शुभवर्तमान. संत लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूकडे हीच तक्रार घेऊन येतो : माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू नकार देतो. मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे विचारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगतो. प्रभूने जे काम अंगावर घेतले नाही, ते मी कसे घेणार? पण कोणाला तरी ते करावेच लागते. आपल्या बुलढाणा, खामगाव, मेहकरच्या कोर्टात काळा कोट घालून बसलेली माणसे रोज तेच करतात. मृत्युपत्र खरे की खोटे, साक्षीदार हजर होते की नव्हते, म्हातारा शुद्धीवर होता की नव्हता, यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. वकिलांना नावे ठेवणे सोपे असते. त्यांच्या कामाकडे मात्र आपण नीट पाहत नाही.

इतर दाव्यांत दोन्ही पक्षकार जिवंत असतात. वारसाच्या दाव्यात ज्याची इच्छा शोधायची, तो माणूसच बोलायला हजर नसतो. फी देणारे सगळे जिवंत. मग वकील कोणासाठी काम करतो : पैसे देणाऱ्यासाठी, की गेलेल्यासाठी?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अरिस्टॉटलचा एक प्रश्न मला गमतीचा वाटला होता. माणूस मेल्यावर मुला-नातवंडांचे बरेवाईट त्याला लागते काय? त्याचे उत्तर मोठे सावध आहे : लागत असेल थोडेफार, पण सुखी माणसाला दुःखी करण्याइतके नाही. वर्गात आम्ही हसलो होतो. पुढे धर्मगुरू होऊन घरोघरी गेल्यावर कळले की लोक हा प्रश्न हसण्यावारी नेत नाहीत. "बाबांच्या आत्म्याला शांती मिळणार नाही" हे वाक्य मी वाटणीच्या भांडणात जितके ऐकले, तितके अंत्यविधीतही ऐकले नाही. आणि बहुतेक वेळा ते बोलणाऱ्याच्या सोयीचे असते.

महाराष्ट्रात गाजलेला असा दावा ताई महाराज प्रकरणाचा. पुण्याचे सरदार बाबा महाराज 1897 च्या ऑगस्टमध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी जे विश्वस्त नेमले, त्यांत लोकमान्य टिळक होते आणि आपल्या वऱ्हाडातले, अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डेही होते. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात जामिनावर सुटलेले. तरी मरणाऱ्या मित्राला त्यांनी शब्द दिला. पुढे 1901 मध्ये औरंगाबादेत विधवा ताई महाराजांनी जगन्नाथ या मुलाला दत्तक घेतले. नंतर मात्र त्यांचे मन फिरले. त्यांनी दुसरा मुलगा पसंत केला आणि औरंगाबादेचे दत्तक नाकारले. टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा फौजदारी खटला झाला, 1903 मध्ये शिक्षा झाली, 1904 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1915 मध्ये टिळकांच्या बाजूने लागला. म्हणजे चौदा वर्षे, आणि टिळकांच्या स्वतःच्या खिशात त्यातून काही येणार नव्हते.

ही शब्दनिष्ठा मला थोर वाटते. तरी या गोष्टीतली ताई महाराज माझ्या मनातून जात नाही. लहान वयात विधवा झालेली मुलगी. एकीकडे नवऱ्याची इच्छा सांगणारे विश्वस्त, दुसरीकडे कान भरणारे सल्लागार. तिला स्वतःला काय हवे होते, हे या खटल्यांच्या ढिगाऱ्यातून काढणे अवघड आहे. वारसाच्या वादात गप्प असणारे बहुधा दोघे असतात. एक मेलेला, आणि दुसरा जिवंत असून ज्याला कोणी विचारत नाही तो.

कायदा या दुसऱ्याची थोडी काळजी घेतो. आपल्याला लागू असलेला 1925 चा भारतीय वारसा कायदा सांगतो की मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना सारखे. त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? मृत्युपत्रातून ज्याचा मोठा फायदा होतो, तोच ते करून घ्यायला पुढे पुढे असेल, तर संशय दूर करण्याचे ओझे त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगून ठेवले आहे.

इथे आम्हा धर्मगुरूंबद्दलही बोलले पाहिजे. याच कायद्याच्या कलम 118 प्रमाणे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मकार्यासाठी मालमत्ता ठेवायची तर मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी करावे लागे. 2003 मध्ये एका केरळी धर्मगुरूच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. भेदभाव होता, गेला हे बरे झाले. पण ते कलम करणाऱ्यांना जी भीती वाटत होती, ती मला वेडगळ वाटत नाही. मरणाऱ्याच्या खाटेशी पवित्र तेल घेऊन मी उभा असतो, तेव्हा माझ्या शब्दाला नको तेवढे वजन येते. म्हणून उशाखाली कागद दिसला की मी घरच्यांना सांगतो, आधी मी जातो, मग तुमचे चालू द्या. साक्षीदार म्हणून सही मागितली तरी मी देत नाही. काहींना राग येतो.

त्या बहिणीला मी शेवटी कायदा तेवढा सांगितला. सही कर किंवा करू नको, हे सांगितले नाही. भित्रेपणा होता की शहाणपण, ते मला अजून ठरवता आलेले नाही. हक्क सोडणे हे प्रेमाचे कृत्य असू शकते, पण हक्क आहे हेच माहीत नसणाऱ्याने तो काय सोडायचा?

पंधरा दिवसांनी ती पुन्हा भेटली. तालुक्याच्या वकिलाने, भावांनीच फी भरलेल्या वकिलाने, कागद वाचला आणि दोन्ही भावांना चहा प्यायला बाहेर पाठवले. मग खुर्ची पुढे ओढून तिला विचारले, "ताई, हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं का? तुमच्या मनात काय आहे?"

"वर्षभरात पहिल्यांदा कोणी विचारलं, फादर," ती म्हणाली. तिने वकिलाला काय सांगितले, ते मी विचारले नाही. आईला बरे नव्हते, म्हणून ती घाईने भावाच्या घराकडे निघाली होती.