उरलेले सत्तर टक्के

कामगाराचा अंगठा यंत्रात गेला तर ३० टक्के, तर्जनी समूळ गेली तर १४ टक्के, असा हिशेब १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने मांडला. ही टक्केवारी अवयवाची नसून उपार्जनक्षमतेच्या हानीची आहे, याचा सहसा विसर पडतो. अंगठा गमावलेला माणूस उरलेले ७० टक्के कमावीत राहील, हे त्या आकड्यामागील गृहीत आहे. पण कोणाकडे? बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पॉवर प्रेसखाली ज्याचा अंगठा गेला, त्याला त्याच कारखान्याने काढून टाकले, तर ते ७० टक्के कागदावरच राहतात.

महाभारतकारांना हा हिशेब ठाऊक होता. अंगठा दिल्यावर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडी, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, अशी नोंद आदिपर्वात आहे. गुरुभक्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी ती फारशी वाचलेली दिसत नाही.

कायद्याने भरपाई आणि नोकरी यांची दारे वेगळी ठेवली. १९४८ च्या राज्य विमा कायद्याचे ७३ वे कलम दुखापतीवरील उपचारांच्या काळात कामगाराला काढू देत नसे. जखम भरली की ते संरक्षणही संपे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने दीर्घ आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती 'कपात' या व्याख्येतूनच वगळली होती. कर्नाटकाने मात्र १९८८ मध्ये दुरुस्ती करून बडतर्फ कामगाराला, सरकारच्या शिफारशीची वाट न पाहता, सहा महिन्यांच्या आत थेट कामगार न्यायालयात जाण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे तिन्ही कायदे नव्या संहितांत विलीन झाले; टक्केवारीची रीत कायम राहिली.

त्याच शहरातील सरकारी परिवहन महामंडळाच्या चालकाची गोष्ट निराळी. सेवेत असताना अपंगत्व आले, तर १९९५ च्या व त्यानंतरच्या २०१६ च्या कायद्यानुसार त्याला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते, ते नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. खासगी कारखानदारावर हे बंधन नाही. चार प्रेसच्या शेडमध्ये दुसरे काम कोठून आणावे, हा मालकाचा प्रश्न अगदीच खोटा नव्हे. पण काम नाही हे खरे असेल, तर ३० टक्क्यांचा आकडा खरा कसा?

१९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा आला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. हानी अंशतः आहे, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हानी संपूर्णच, असे न्यायालयाने ठरविले. तेथे हात मोजला गेला नाही, धंदा मोजला गेला. पीण्यातील कामगाराच्या हाती पडणाऱ्या पत्रात 'कामास असमर्थ' हे शब्द मालकानेच लिहिलेले असतात. भरपाईच्या सुनावणीत त्याच मालकाचा वकील उरलेल्या ७० टक्क्यांवर बोट ठेवतो, तेव्हा ते पत्र त्याच्यासमोर ठेवले गेले पाहिजे.