रताळ्याच्या काचऱ्या आणि पावित्र्य



रताळ्याच्या काचऱ्या कोणाला येत नाहीत? रताळी माती निघेपर्यंत चोळून धुवावीत, पातळ चकत्या करून लगेच पाण्यात टाकाव्यात, नाहीतर काळ्या पडतात. लोखंडी कढईत तेल तापवून जिरे, हिरवी मिरची टाकावी, चकत्या निथळून परताव्यात, झाकण ठेवून मंद आचेवर 10 मिनिटे शिजू द्याव्यात. वरून मीठ आणि मूठभर दाण्याचे कूट.

आता याच कढईत जिऱ्याऐवजी मोहरी टाका, कांदा व चिमूटभर हळद घाला. चव थोडी बदलेल, एवढेच. पण शेजारी विचारून पहा : पहिली भाजी एकादशीला चालते, दुसरीने उपवास मोडतो! रताळे तेच, चूल तीच. मग पुण्य कोणत्या फोडणीत होते?

जरा इतिहास पहा. रताळे, मिरची आणि शेंगदाणा ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. 1492 साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर युरोपीय जहाजांच्या व्यापारातून ती आपल्याकडे आली. समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला ज्यांनी प्रायश्चित्त सांगितले, त्यांनीच समुद्र ओलांडून आलेल्या रताळ्याला फराळाच्या ताटात मानाने बसविले. आणि हळद, जी याच मातीतली, तिला त्या ताटात मज्जाव! माणसांच्या बाबतीतही हाच न्याय होता. ज्या हाताने रताळी खणून काढली त्या हाताचा विटाळ, रताळे मात्र पवित्र. हे तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही.

जैन आचारात हेच रताळे वर्ज्य आहे. कंद उपटला की अगणित जीवांची हिंसा होते, असे ते मानतात. हा विचार टिंगल करण्याजोगा नाही, त्यामागे जीवमात्राची काळजी आहे. तरीपण एकाकडे जे पाप, ते दुसऱ्याकडे व्रताचे अन्न. रताळे बिचारे दोन्हीकडे रताळेच!

भगवान बुद्धांच्या शिकवणीत हा प्रश्न ताटातून उचलून आचरणात ठेवला आहे. सुत्तनिपातातील आमगंध सुत्तात दुर्गंधी अन्नाची नव्हे, तर हिंसा, चोरी, खोटेपणा व फसवणुकीची सांगितली आहे. म्हणून काहीही, कसेही खावे असे नव्हे. ताटापेक्षा ताटाभोवती पहावे. रताळी खणणाऱ्याची मजुरी चुकती झाली का? जिने चुलीपुढे बसून काचऱ्या केल्या, तिला शेवटी कढईची खरवड तेवढी उरली का? हळदीपेक्षा हे प्रश्न मोठे आहेत, आणि आपल्या घरांतही ते विचारले जात नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. दीक्षा घेतलेल्या घरातली आजी आषाढीला भाकरी शिवत नाही, आणि कॉलेजात जाणारा नातू तिच्यावर ओरडतो. तिचे ताट ओढून घ्यावे काय? माझे मत, मुळीच नाही. दटावून सोडायला लावलेली एकादशी मनातून जात नाही, ती माजघरात लपून बसते. त्यापेक्षा नातवाने त्या दिवशी स्वतः रताळी चिरावीत, घरातल्या सर्वांसाठी एकच कढई चढवावी, आणि आजीला जवळ बसवून विचारावे, "आजी, हळदीने नेमके काय बिघडते गं?" तिने उत्तर दिले नाही तरी चालेल. पण हळद घालायची की नाही, हे त्या दिवशी तिलाच ठरवू द्यावे.