छंद म्हणून बंदूक घ्यावी काय?



बौद्धाने घरात बंदूक ठेवावी काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण विचार न करताच 'नाही' म्हणतील. पंचशीलातले पहिले शील आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण तोच प्रश्न थोडा फिरवून विचारला तर? शिकार करायची नाही, कोणावर रोखायची नाही. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रायफल रीतसर विकत घ्यायची, तेलपाणी करून कुलपात जपायची आणि तिचा इतिहास अभ्यासायचा. असा छंद बौद्धाला शोभतो काय?

प्रश्न माझा नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. त्याचे घर शाहूपुरीत चौथ्या गल्लीत. तो मात्र नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. तिकडे लष्करांनी काढून टाकलेल्या रायफली दुकानांतून आणि जत्रांतून साध्या नागरिकाला मिळतात. सैन्याला नवे हत्यार आले की जुने व्यापारी घाऊक उचलतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफलींचा तिकडे पूर लोटला, आणि त्या गोळा करणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. त्याने मला फोटो पाठवले आणि विचारले, "सर, घेऊ का?"

त्याने निवडलेली रायफल आपल्या देशातली आहे. बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्यात १९६२ च्या चीन युद्धानंतर '२ए' आणि पुढे '२ए१' या नावाने ७.६२ मिलिमीटरची रायफल निघाली. अंगलट जुन्या .३०३ चीच, गोळी मात्र नवी. त्यातल्या पुष्कळ पुढे परदेशी बाजारात गेल्या. असे हत्यार पारखून घ्यायची रीत त्याने मला समजावली. नळीत उजेड पाडून आतले आटे झिजले आहेत की शाबूत आहेत ते पाहायचे. नळीवरचा आणि खटक्याच्या दांडीवरचा नंबर जुळतो का ते पाहायचे. नाही जुळला तर ती दोन-तीन मोडक्या रायफलींची जोडाजोड समजायची. लाकडाला चीर आहे का, पाणी लागून गंज चढला आहे का, हे तपासायचे. आणि शेवटी शिक्के वाचायचे.

या शिक्क्यांपाशी त्याचे मन अडकले. इंग्रजी अमलातल्या इशापुरी रायफलींवर राजाचा मुकुट असे. स्वातंत्र्यानंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आले. ज्या सारनाथला तथागतांनी पहिले प्रवचन केले, तिथले हे सिंह. तो लिहितो, "सर, ही रायफल आपलीच नाही का?"

या युक्तिवादाला भुलू नये. सिंहांचा शिक्का नोटेवर आहे, नाण्यावर आहे, कोर्टाच्या कागदावर आहे. राजमुद्रा शासनाची खूण सांगते. ज्या वस्तूवर ती उमटली ती वस्तू त्यामुळे धम्माची होत नाही. कलिंगानंतर ज्याने युद्ध सोडले त्या राजाचे चिन्ह बंदुकीवर यावे, यात अभिमानापेक्षा विचार करण्याजोगे जास्त आहे.

त्याचा दुसरा युक्तिवाद मात्र जड आहे, आणि तो आपल्या सर्वांचा आहे. आपल्या पूर्वजांना शस्त्र नाकारले गेले. खालच्या वर्गांच्या हाती शस्त्र नव्हते म्हणूनच ते चातुर्वर्ण्याविरुद्ध उठू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात मांडले. इंग्रजांनी महारांना फौजेत घेतले. १८१८ साली कोरेगावला ते लढले. आणि १८९० नंतर त्याच इंग्रजांनी भरतीचे दार लावून घेतले. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. १९१७ साली महायुद्धाच्या गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी झाली, ती १९२१ मध्ये मोडली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने १ ऑक्टोबर १९४१ रोजी आपल्या शेजारच्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा कोठे ते दार पुन्हा उघडले.

बंदुकीच्या बाबतीत राज्यकर्त्यांचा संशय किती बारीक असतो पाहा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. युरोपियनांना त्यातून सूट होती. याच इशापुरात .३०३ च्या सांगाड्यावर .४१० ची बिनआट्यांची, एकेक गोळी भरायची मस्केट बनवत, ती तुरुंगाच्या आणि पोलिसांच्या पहारेकऱ्यांसाठी. हेतू असा की ती पळवली गेली तरी तिच्यात लष्करी गोळी चालू नये. तेव्हा हा तरुण म्हणतो की, ज्या घराला हे हत्यार नाकारले गेले त्या घरात ते हक्काने यावे, तर त्याला दटावून गप्प करणे मला जमत नाही.

आता धम्म काय म्हणतो ते पाहू. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार तथागतांनी सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. शस्त्राचे नाव त्यात आहेच. पण मांसाचेही आहे. आणि जे आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले वा शंकिले नाही ते मांस भिक्षूला चालत असे. मग जी रायफल पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्यासाठीच बनली, जिची फौज तिला विसरली, ती घेणाऱ्यावर निर्मितीचा दोष कसा ठेवायचा? अक्षराला धरून भांडायचे तर माझा विद्यार्थी जिंकेल. वैशालीचा सिंह सेनापती उपासक झाला; सेनापतिपद सोड, असे तथागतांनी त्याला सांगितल्याचे विनयात कोठे नाही. बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. सीमेवरच्या जवानाला, पहाऱ्यावरच्या शिपायाला गरज आहे. छंदाला कसली गरज?

विनयातला एक प्रसंग मला येथे सर्वांत उपयोगी वाटतो, आणि तो आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. मोहिमेवर निघालेली फौज पाहायला भिक्षूंनी जाऊ नये, असा नियम तथागतांनी केला. हत्ती-घोडे, झळकती शस्त्रे यांचा तमाशा बघत उभे राहणे हे भिक्षूचे काम नव्हे. पुढे एका भिक्षूचा मामा फौजेत आजारी पडला आणि त्याने भाच्याला निरोप धाडला. भिक्षू नियमाला भिऊन घुटमळला. तेव्हा तथागतांनी नियमाला जोड दिली: योग्य कारण असेल तर जावे. फौज तीच होती आणि शस्त्रेही तीच होती; एकजण ती पाहायला जातो, दुसरा मामाला भेटायला जातो.

म्हणून मी विद्यार्थ्याला उलट विचारले, "तू कोणाला भेटायला चालला आहेस?"

त्याचे आजोबा १९६३ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, सागरच्या केंद्रात .३०३ वर शिकले. आज ऐंशी ओलांडलेले, शाहूपुरीतल्या घरी असतात. नातवाची गोष्ट मी त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "गुरुजी, रायफल माझी कवाच न्हवती. सकाळी कोतातनं सही करून काढायची, फुलतरू मारायचा, सांजच्याला मोजून जमा करायची. नंबर तेवढा अजून पाठ हाय. त्यो तिकडं घेणार म्हंतोय, तर रातीला कुठं ठेवणार?"

सैनिकाच्या हाती हत्यार असते, पण ते त्याचे नसते. दिवस संपला की कोत त्याचा ताबा घेतो. छंदी माणसाचे मात्र ते मालकीचे होते, आणि मालकीला भूक असते. गोळा करणारा एका नगावर थांबत नाही. नंबर जुळलेली मिळाली की त्याआधीच्या सालाची हवी होते, मग मुकुटाच्या शिक्क्याची. तथागतांनी ज्याला तृष्णा म्हटले तिला टपाल तिकिटेही चालतात हे खरे. पण तिकिटाच्या वहीने कोणाचा जीव घेतलेला नाही. १९६३ च्या मार्चमध्ये अमेरिकेत एका माणसाने टपालाने इटालियन लष्कराची जुनी रायफल दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला मागवली. त्याच रायफलीने २२ नोव्हेंबरला अध्यक्ष केनेडींचा खून झाला. तेही निवृत्त हत्यारच होते. १९६८ साली तिकडे कायद्याने टपालाची ही विक्री बंद केली.

कोल्हापुरात मात्र हा बाजारच नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे .३०३ आणि ७.६२ या दोन्ही गोळ्यांची हत्यारे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच हत्यारे ठेवता येतात. 'जुनी आहे, शोभेची आहे' म्हणून कोणी गुपचूप देऊ करील तर ते घेऊन तुरुंगाची वाट धरू नका. जुनी हत्यारे पाहायची हौस असेल तर मुलांना घेऊन नवीन राजवाड्यातले शाहू महाराजांचे संग्रहालय पाहा. आणि नेमबाजीचा खेळ हा वेगळा विषय आहे. आपल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक आणले. तिथे रायफल साधन आहे आणि समोर कागदाचे लक्ष्य आहे. त्यात मुलामुलींनी खुशाल जावे.

विद्यार्थ्याला मी लिहिले ते असे. आजोबांसाठी घेत असशील तर एक घे, कुलपात ठेव, लेकरांच्या हाती पडू देऊ नकोस, आणि तिच्यापुढे उभा राहून फोटो काढून पाठवू नकोस. दुसरी घ्यावीशी वाटेल त्या दिवशी मला कळव, कारण त्या दिवशी तू मामाला सोडून फौज पाहायला निघालेला असशील. पण रायफलीच्या आधी आजोबांचे बोलणे टिपून घे. सागरचे दिवस, मेसमधली पंगत, पहिल्या रजेला गावी आल्यावर पाटलाच्या दारावरून बूट घालून चालणे, हे कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

त्याच्या धाकट्या भावाने रविवारी आजोबांना बसवून फोनवर दोन तास ध्वनिमुद्रण केले. रायफल अजून दुकानातच आहे. तो म्हणतो, हे ऐकून झाल्यावर ठरवीन.