जिवाणू आणि अहिंसेचा प्रश्न

जिवाणू म्हणजे केंद्रक नसलेले एकपेशीय सजीव. त्यांतील बहुतेकांची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. एक ग्रॅम सुपीक मातीत त्यांची संख्या अब्जाच्या घरात जाते, आणि माणसाच्या शरीरात ते त्याच्या स्वतःच्या पेशींच्या जवळपास बरोबरीने असतात. दात घासताना, भांडी धुताना, दूध तापवताना ते मरतातच. मग जीव मारू नये हे व्रत घेणाऱ्याने जगायचे कसे?

जैन परंपरेत हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीपासून आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने १६७६ मध्ये भिंगाखाली जिवाणू पाहिले. त्यापूर्वीच जैन ग्रंथांनी पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती यांतील एकेंद्रिय जीव आणि डोळ्यांना न दिसणारे निगोद मानले होते. यावरून ‘प्राचीनांना जिवाणू ठाऊक होते’ असे हौसेने सांगितले जाते. ते घाईचे आहे. निगोदात एकाच शरीरात अनंत आत्मे असतात, त्यांचा आहार आणि श्वास सामायिक असतो. जिवाणूला मात्र स्वतःची पेशी असते आणि दुभंगून तो स्वतंत्रपणे वाढतो. निगोद ही आत्म्याविषयीची कल्पना आहे, निरीक्षणातून हाती आलेली वस्तू नव्हे. दिसत नाही तेथेही जीव असू शकतो ही सावधगिरी मात्र खरोखर जुनी आहे.

पाण्याच्या नियमांत ती स्पष्ट दिसते. दिगंबर घरांत पाणी दुपदरी जाड कापडातून गाळतात आणि कापडावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. नुसते गाळलेले पाणी ४८ मिनिटे, तर उकळलेले २४ तास चालते असा संकेत आहे. कापडाच्या विणीतून जिवाणू सहज निसटतात. अडकतात ते किडे आणि अळ्या. उकळताना तर जीव मरतातच. त्यावर परंपरेचे उत्तर असे, की एकदा झालेली हिंसा पाण्यात पुनःपुन्हा होणारी जीवोत्पत्ती आणि तिचा घात टाळते. दह्यालाही अशाच मुदती आहेत, आणि विरजण लावणे म्हणजे तर जिवाणू पाळणेच.

हिंसेचा हिशेब मोजणीने सुटणारा नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात म्हणूनच हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावध आणि विकारवश वृत्तीला, कळीचे स्थान आहे. गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेला घात, पूर्ण सोडायचा. स्वयंपाकातली आरंभी, व्यवसायातली उद्योगी आणि बचावातली विरोधी हिंसा शक्य तितकी कमी करायची. शिवाय इंद्रिये जितकी अधिक, तितका घात गंभीर मानला जातो. क्षयाच्या जिवाणूंविरुद्ध औषध घेणारा रुग्ण या चौकटीत दोषी ठरणे कठीण. जिवाणूला मज्जासंस्था नाही. साखरेकडे तो सरकतो, विषारी द्रव्यापासून दूर जातो, पण त्याला वेदना होते असे मानायला आधार नाही.

प्रश्नाची दुसरी बाजू जिवाणूंच्या निसर्गातील कामाची. तूर किंवा भुईमुगाचे रोप हलकेच उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. निरोगी गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. तिच्यातले रायझोबियम गटातले जिवाणू हवेतील नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. गळालेली पाने, शेण, मेलेली जनावरे कुजवून त्यांतली द्रव्ये मातीत परत आणण्यात बुरशीइतकाच जिवाणूंचाही वाटा असतो. रोग करणाऱ्या जाती एकूण जातींत थोड्याच. ‘जंतू म्हणजे शत्रू’ ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या रोगशोधांबरोबर घट्ट झाली, आणि साबणाच्या जाहिरातींनी ती टिकवली.

जिवाणूंविषयी जितके कळते, तितकी प्रमादाची व्याप्तीही वाढते. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविकाचा उपयोग नसतो. तरी त्या गोळ्या घेतल्या, तर आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू विनाकारण मरतात. हा बचाव नव्हे, म्हणून विरोधी हिंसेची सवलत येथे लागू होत नाही. शिवाय त्यातून जे तगतात त्यांत औषधाला न जुमानणारे अधिक असतात, आणि त्यांचा संसर्ग गोळी न घेतलेल्यांनाही होऊ शकतो.