तसबिरीतला माणूस

वृद्ध सैनिकाचे चित्र काढताना चेहरा काढायचा की पदके, हा प्रश्न वरकरणी चित्रकलेचा वाटतो. मला तो नीतीचा वाटतो. शिरगावच्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका निवृत्त नौसैनिकाचे पेन्सिलचित्र मी काढले, तेव्हापासून त्याने माझा पिच्छा सोडलेला नाही.

प्रजासत्ताक दिनाच्या एका कार्यक्रमासाठी चित्र हवे होते. सांगणारा म्हणाला, "पदके ठळक दिसू द्या. लोकांना कळू दे, आपणही लढलो." हे 'आपणही' मनात रुतले. ब्रिगेडियर महंमद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे शहीद झाले, अब्दुल हमीद १९६५ मध्ये खेमकरणला. वकिलाने कागद पुढे करावा तशी ही नावे आपण पुढे करतो. समोरचा पुरावा मागतो, ही त्याची चूक. पण मागण्याआधीच पुरावा खिशात घेऊन फिरायची सवय लागली, ती कुणाची?

चाचा कोट घालून, पदके लावून ओटीवर बसले. दोन दिवस फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी १९७१ चा विषय काढला. तोफांच्या गोष्टी ऐकायला मिळतील, असे वाटले होते.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने 'खुकरी' बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. चाचांचे जहाज दुसरे होते. पण खुकरीवर त्यांचा एक सोबती होता.

"मास्तर, त्याचे अकरा रुपये माझ्याकडे राहिले," ते म्हणाले. "पगार झाला की देतो म्हणालो होतो."

मेलेल्याचे देणे वारसाला द्यावे, वारस न सापडला तर त्याच्या नावाने खैरात करावी, हे त्यांना ठाऊक होते. घर शोधले, सापडले नाही. खैरातही अनेकदा केली. "अल्ला माफ करील. पण तो म्हणेल ना, पैसे मला पाहिजे होते?"

सोबत्याचा धर्म त्यांनी सांगितला नाही. मी विचारणार होतो. कार्यक्रमवाल्यांना तेही उपयोगी पडले असते. जीभ आवरली.

आठवण सांगणारा माणूस आपल्याकडे अमानत ठेवतो. ती दुसऱ्या कामाला लावणे, काम चांगले असले तरी, खयानत नव्हे काय? उलट, शाळेत टोमणे ऐकून घरी येणाऱ्या पोराला त्या पदकांचा आधार वाटत असेल, तर तो काढून घेणारा मी कोण? या दोहोंचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

मी दोन चित्रे काढली. एक पदकांचे. दुसरे नुसत्या बनियनवरचे, अकरा रुपये सांगतानाचे. चाचांनी पदकांचे चित्र नातवासाठी पसंत केले. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे तुमच्याकडेच असू द्या," म्हणाले.