साक्ष

'साक्ष' हा शब्द आमच्या ख्रिस्ती वस्तीत फार स्वस्त झालाय. प्रार्थनासभेत एकेक जण उभा राहतो. प्रभूने माझा ताप उतरवला. प्रभूने पोराला नोकरी लावली. लोक आमेन म्हणतात, पेटी वाजते, सभा उठते. सोमवारी पहिल्या पाळीला आम्ही गेटात शिरतो तेव्हा ती साक्ष देवळातच राहिलेली असते, सतरंजीच्या घडीत.

माझा सवाल साधा आहे. ज्याला आपण श्रद्धा म्हणतो ती आठवड्याचे सहा दिवस, कापसाच्या धुळीत, नेमकं करते काय? तिथं तिचं काही काम नसेल तर ती श्रद्धा नाय, रविवारची इस्त्रीची पँट आहे. घातली, काढली, टांगली.

पाळकांकडे उत्तर तयार असतं. मन लावून काम कर, वरच्याचं ऐक, माणसासाठी नाही तर देवासाठी राबतोय असं समज. पौलाने कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, हा उपदेश आहे. खोटं नाही. पण तो कुणाला केलाय ते देवळात कुणी सांगत नाही. तो गुलामांना केलाय, बाजारात विकत घेतलेल्या माणसांना. आणि पुढचा अध्याय उघडला की पहिल्याच वाक्यात पौल धन्यांकडे वळतो. त्यांना म्हणतो की गुलामांशी न्यायाने वागा, तुमच्यावरही एक धनी बसलाय. पत्रात ही दोन्ही बोलणी लागून आहेत. अध्यायांचे आकडे मागाहून, तेराव्या शतकात पडले. आमचा उपदेशक बरोबर त्या आकड्यापाशी थांबतो. तिसरा अध्याय कामगाराला, चौथा कुणालाच नाही.

म्हंजे आज्ञाधारकपणा हे श्रद्धेचं रोजचं काम, असं आम्हाला शिकवलं गेलं. मला ते पटत नाही. मी म्हणतो, श्रद्धेचं रोजचं काम साक्ष हेच आहे. पण ती देवळातली नाही. जिथं खरं बोलायला किंमत पडते तिथली.

एक उदाहरण देतो. गिरणीत एखाद्या कंत्राटी पोराचं बोट पट्ट्यात जातं. मशीनवर गार्ड नव्हतंच, हे सगळ्या खात्याला ठाऊक असतं. पाळी सुटेपर्यंत एक कागद फिरतो: गार्ड होतं, त्याने आपल्या हाताने काढलं. खाली सह्या. हा कागद उगाच नसतो. कामगारांच्या नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा बघा. इजेत माणूस मेला नाही, कायमचा पूर्ण पांगळा झाला नाही, आणि गार्ड त्याने जाणूनबुजून काढलं असं ठरलं, तर मालक भरपाईतून सुटायचा. बोट गेलं तर माणूस मरत नाही. म्हणून बोटाच्या वेळी सह्या लागतात.

आमच्याकडे असा कागद आला. मी सही केली नाही. फार मोठं काही केलं नाही, महिनाभर रात्रपाळी लागली एवढंच. ज्यांनी केली त्यांच्या घरी चार-चार तोंडं आहेत, मी एकटा जीव. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण त्या रात्रपाळ्यांत एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. दहा आज्ञांमधली खोट्या साक्षीची मनाई देवाने देवळासाठी दिलेली नाही. देवळात खोटी साक्ष देऊन कुणाचं बोट जात नाही.

दोस्त म्हणतात, अरे, सही न करायला येशू कशाला लागतो? देव न मानणाराही करत नाही सही. कबूल. खरेपणाचा ठेका आमच्या एकट्याकडे नाही. पण मला येशूच्या खटल्याची आठवण राहते. मार्क सांगतो, त्याला मारायचं आधीच ठरलं होतं, मग साक्षीदार शोधले. ते खोटं बोलले आणि त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळेनात. म्हणजे ज्याला मी प्रभू म्हणतो त्याच्याविरुद्धही असाच कागद फिरला होता. आणि त्याचा जिवलग पेत्र तेव्हा अंगणात शेकोटीपाशी हात शेकत म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. थंडी होती, भीती होती. पेत्र आपल्यातलाच आहे, बदली कामगारासारखा, उद्याच्या भाकरीची काळजी असलेला. ही गोष्ट डोक्यात असताना त्या कागदावर माझा पेन चालत नाही. माझ्यापुरता श्रद्धेचा एवढाच उपयोग आहे, आणि तो थोडा नाही.

बौद्ध दोस्तांचा सवाल जास्त टोकदार आहे. बाबासाहेबांची टीकाच होती की ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाशी लढायला मागे राहतो. पाप माणसाच्या आत आहे असं त्याला शिकवतात, म्हणून भोवतालची व्यवस्था त्याला दिसत नाही. मी या टीकेला उत्तर द्यायला निघालेलो नाही. ती खरी आहे. पाप माझ्यात असेल, पण ते अपघाताच्या रजिस्टरातही असतं, हे आमच्या उपदेशात कधी आलं नाही.

आणि देवळाच्या आतही असतं. नगरला अमेरिकन मिशन 1831 मध्ये आलं. पुढे गावोगावच्या महारांनी, मांगांनी बाप्तिस्मा घेतला. आज सोयरीक जुळवताना ख्रिस्ती माणूस हळूच विचारतो, तुम्ही मूळचे कुणापैकी? एकाच प्याल्यातून प्रभूभोजन घेणारे लोक हे विचारतात! आणि वर व्यासपीठावरून सांगतात, आमच्यात जात नाही.

ही सुद्धा खोटी साक्ष आहे. तिची किंमत कोण भरतो? मद्रासमध्ये सूसाई नावाचा ख्रिस्ती चांभार रस्त्याकडेला बसून चपला शिवायचा. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला दिली नाही. कारण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. सूसाई सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 मध्ये निकाल विरुद्ध लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा जाच तेवढाच उरतो, याचा पुरेसा पुरावा समोर नाही.

पुरावा नाही! रस्त्यावर बसलेला चांभार पुरावा आणणार कुठून? तो आमच्या देवळांत पडून आहे. लग्नाच्या बैठकांत आहे, गावच्या पाणवठ्यावर आहे. पण तो द्यायचा तर आधी कबूल करावं लागतं की येशूच्या घरातही आम्ही जात आणली. तेवढी हिंमत नाही, म्हणून 'आमच्यात जात नाही' या गोड वाक्याखाली आपलाच माणूस उघड्यावर बसतो.

ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द होता त्याचाच अर्थ पुढे हुतात्मा असा झाला. मला कुणी हुतात्मा व्हायला सांगू नये, मीही कुणाला सांगत नाही. रात्रपाळी लागेल, प्रमोशन जाईल, मंडळीत चार तोंडं वाकडी होतील, एवढ्या किमतीची साक्ष मी मागतोय.

ख्रिस्ती बंधूंनो, ताप उतरल्याची साक्ष जरूर द्या. पण त्याच सभेत कुणीतरी उभं राहून हेही बोला की अमक्या खात्यात गार्ड नव्हतं. की माझ्या पोरीला सोयऱ्यांनी जात विचारली. आणि मग बघू, आमेन म्हणायला किती तोंडं उघडतात.