निवृत्त आयुधाची सेवा

भारतीय युद्ध संपल्यानंतरचा एक प्रसंग शल्यपर्वांत आला आहे. दुर्योधनाच्या ओस पडलेल्या शिबिरापाशीं पांडवांचे रथ येऊन थांबतात. श्रीकृष्ण अर्जुनास सांगतो कीं, गांडीव आणि भाते घेऊन तूं आधीं खालीं उतर, मी मागाहून येतों. अर्जुन उतरतो, मग श्रीकृष्ण उतरतो, ध्वजावरील कपि अंतर्धान पावतो. आणि अठरा दिवस अजिंक्य ठरलेला तो रथ घोड्यांसुद्धां जळून भस्म होतो. चकित झालेल्या अर्जुनास मग कळतें कीं, द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनीं रथ केव्हांच दग्ध झाला होता; त्यावर बसणारा बसला होता म्हणूनच तो इतके दिवस टिकून राहिला. कार्य संपलें, बसणारा उतरला, रथही संपला.

हा प्रसंग आम्हांस आठवण्याचें कारण अगदीं वेगळ्या मुलखांतलें आणि वेगळ्या काळांतलें आहे. इंग्लंडांत शेक्सपीयरच्या स्ट्रॅटफर्ड गांवापासून थोड्याच मैलांवर वेल्सबर्न माउंटफर्ड म्हणून एक लहानसा विमानतळ आहे. तेथें १९८४ च्या फेब्रुवारीपासून एक प्रचंड लष्करी जेट विमान उभें आहे. त्याची जात व्हल्कन. वायुदलाच्या दप्तरांतील त्याचा क्रमांक एक्सएम ६५५. वायुदलानें तें विकलें. विकत घेणाऱ्यानें तें पुन्हां आकाशांत उडविण्याच्या हौसेनें घेतलें. परंतु ती हौस पुरी झाली नाहीं, आणि विमान ऊन-पावसांत तेथेंच राहिलें. पुढें कांहीं स्वयंसेवकांनीं तें हातीं घेतलें. गंज खरवडावा, वाळून तडकलेल्या रबरी नळ्या बदलाव्या, मैलोगणती विजेच्या तारांतील एक बिघडलेला सांधा शोधून काढावा, आज एक गळती बंद करावी तों उद्यां दुसरी सुरू व्हावी, असें हें काम. त्याला वेतन नाहीं आणि शेवटही नाहीं. बरें, एवढ्या श्रमाचें फळ काय म्हणावें, तर विमान उडत नाहीं! कधींमधीं चारही इंजिनें चालू करावयाचीं, धावपट्टीवरून वेगानें धांव घ्यावयाची, आणि जमीन सोडण्याच्या आंतच जोर काढून घेऊन पुन्हां जागेवर येऊन उभें राहावयाचें, एवढाच त्या साऱ्या खटाटोपाचा सोहळा.

व्हल्कन हें रोमन लोकांच्या अग्निदेवतेचें, म्हणजे देवांच्या लोहाराचें नांव. ॲव्हरो कंपनीचा अभियंता रॉय चॅडविक याच्या हाताखालीं या विमानाची आंखणी सुरू झाली. तो १९४७ सालीं दुसऱ्याच एका विमानाच्या अपघातांत मरण पावला. व्हल्कनचा पहिला नमुना ३० ऑगस्ट १९५२ रोजीं उडाला. शेपटीला आडवे पंख नाहींत. सारें विमान म्हणजे शंभर फुटांहून अधिक रुंदीचा एक अखंड त्रिकोण. शेवटच्या घडणींतील विमानांत चार ऑलिंपस इंजिनें, प्रत्येकाचा जोर सुमारें २०,००० पौंडांचा. अशीं एकूण १३६ विमानें बांधलीं गेलीं. तीं कशासाठीं बांधलीं हें मात्र सौम्य शब्दांत सांगतां येण्यासारखें नाहीं. ब्रिटनचा अणुबाँब शत्रूच्या शहरांवर नेऊन टाकणें, हें त्यांचें नेमलेलें काम होतें. त्यांच्या पोटांतून न्यावयाचा एक बाँब हिरोशिमावर पडलेल्या बाँबच्या पन्नासपटीहूनही अधिक संहारक होता. इशारा मिळतांच थोड्या मिनिटांत आकाशांत जातां यावें म्हणून वैमानिक कपडे न उतरवितां निजत. १९६९ सालीं हें भयंकर काम पाणबुड्यांकडे गेलें. अणुबाँब टाकण्याची वेळ व्हल्कनवर कधींच आली नाहीं. साधे बाँब मात्र त्यानें टाकले: फॉकलंडच्या युद्धांत, १ मे १९८२ रोजीं, एका व्हल्कननें हजारों मैल समुद्र ओलांडून पोर्ट स्टॅन्लेच्या धावपट्टीवर २१ बाँब टाकले. त्यानंतर दोन वर्षांच्या आंतच हीं विमानें सेवेंतून निवृत्त झालीं.

आतां प्रश्न असा कीं, अशा यंत्राची सेवा करणाऱ्या माणसांविषयीं आपण काय म्हणावें?

खर्चाचा आक्षेप सर्वांत आधीं पुढें येतो, आणि तोच सर्वांत दुबळा आहे. एक्सएच ५५८ या दुसऱ्या एका व्हल्कनला पुन्हां उडतें करण्यासाठीं ब्रिटनमधील सार्वजनिक सोडतीच्या निधींतून सुमारें २७ लक्ष पौंड मिळाले. त्याशिवाय हजारों लोकांनीं आपापल्या कमाईंतून वर्गणी दिली. एवढ्या पैशांत एखादें रुग्णालय उभें राहिलें असतें, असें म्हणणारे तेव्हांही होते. परंतु हा न्याय लावूं गेल्यास जुनें देऊळ, जुनें चित्र, जुनी पोथी यांपैकीं कांहींच वांचावयाचें नाहीं. मनुष्य केवळ अन्नावर आणि औषधावर जगत नाहीं, हें एकदां मान्य केल्यावर तो कशावर जगतो याचा हिशेब दुसऱ्यानें मांडूं नये, हेंच बरें.

खरा आक्षेप दुसराच आहे. देऊळ, चित्र आणि पोथी यांत कोणाच्या मृत्यूची योजना नसते. या विमानाचा प्रत्येक खिळा त्या योजनेसाठीं बसविलेला होता. मग त्या खिळ्याला तेल घालणारा हात निर्दोष कसा राहील? यावर सहज सुचणारें उत्तर असें कीं, वस्तु स्वतः निरपराध असते, अपराध असतो तो हेतूचा. आणि तो हेतु तर आतां निघून गेला आहे. आपल्याकडे खंडेनवमीस तलवारीची आणि सुताराच्या वाकसाची पूजा सारख्याच भक्तीनें होते. तलवारीनें कोणाचा गळा कापला हें तेव्हां कोणी विचारीत नाहीं. परंतु आम्हांस वाटतें, हें उत्तर फार सोपें आहे. वाकस ज्यासाठीं घडविला त्यासाठींच तो वापरतां येतो, आणि त्यानें कोणाचें वाईट होत नाहीं. तलवारीच्या पूजेंत आपण सोयीनें कांहीं विसरतों. विसरण्यावर उभारलेलें प्रेम निर्दोष असेल, पण तें प्रामाणिक नव्हे.

म्हणून आम्ही प्रश्न उलट बाजूनें विचारून पाहतों. हें विमान सांभाळल्यानें लोक त्याचें खरें स्वरूप विसरतात कीं त्यांना तें आठवतें?

याचें एक उत्तर त्या विमानाच्या पोटांतच आहे. व्हल्कनवर पांच माणसें असत. पुढें बसणाऱ्या दोघां वैमानिकांना संकटसमयीं आसनासकट बाहेर फेंकले जाण्याची सोय होती. मागें अंधाऱ्या खणांत, प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसणाऱ्या तिघांना ती नव्हती. त्यांनीं उठून खालच्या दारांतून उडी टाकावी, अशी अपेक्षा. १ ऑक्टोबर १९५६ रोजीं, जगाचा मोठा दौरा करून परत येणारें एक व्हल्कन लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धुक्यांत आणि पावसांत कोसळलें. पुढील दोघे वांचले. त्यांत वायुदलाचे एक अत्यंत वरिष्ठ अधिकारी होते. उरलेले चौघे मेले. हा प्रकार उघड झाल्यावरही तीं तीन आसनें शेवटपर्यंत तशींच राहिलीं. ही गोष्ट पुस्तकांत वाचतां येते, हें खरें. परंतु जो माणूस त्या मागल्या खणांत अंग चोरून बसला, ज्यानें तेथून त्या दाराकडे पाहिलें, त्याला ती जशी कळते तशी वाचणाराला कळत नाहीं. राष्ट्राचें रक्षण करणाऱ्या यंत्रांतसुद्धां कोणाचा जीव अधिक मोलाचा हें आधींच ठरलेलें असतें, हा धडा तेथें पत्र्याच्या आणि चामड्याच्या अक्षरांत लिहिलेला आहे. तें विमान वितळवून त्याचीं भांडीं केलीं असतीं, तर हीं अक्षरें पुसलीं गेलीं असतीं, आणि त्यांत सर्वांत अधिक सोय झाली असती ती तीं लिहिणाऱ्यांची.

तरी शंका उरतेच. साक्षीसाठीं विमान ठेवावयाचें तर तें पदार्थसंग्रहालयांत निश्चल उभें केलें तरी पुरे. त्याचीं इंजिनें चालविण्याचें कारण काय? येथें आमचें मत वाचकांस थोडें विलक्षण वाटेल. निश्चल उभें असलेलें व्हल्कन फार सुंदर दिसतें, आणि तेंच त्याचें असत्य आहे. स्वच्छ फरशीवर, दोरीच्या पलीकडे, तें एखाद्या शिल्पासारखें वाटतें. लहान मुलें त्याच्या पंखाखालीं निर्धास्त खेळतात. चारही इंजिनें एकदम पेटलीं, पायांखालची जमीन थरथरूं लागली, छातीच्या पिंजऱ्यांत तो आवाज शिरला, कीं मगच उमजतें कीं हें शिल्प नव्हे. माणसानें आपल्या बुद्धीनें काय उभें केलें होतें, त्याचें भय शरीराला कळतें, आणि शरीराला कळलेली गोष्ट लवकर विसरत नाहीं.

पण हें लिहीत असतांच आमचें मन आम्हांस टोंचतें. कारण तो आवाज ऐकून लोक भिऊन घरीं जात नाहींत. ते टाळ्या वाजवितात. भयाचा आनंद होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. सर्कशींतल्या वाघापासून भयानक रसाच्या नाटकापर्यंत सर्वत्र तो दिसतो. या आनंदाला आम्ही पाप म्हणत नाहीं. मात्र तो एकटा सोडला तर तो भयाला गिळून टाकतो, आणि मग उरतो तो केवळ तमाशा. त्याच्याबरोबर कोणीतरी सत्य सांगणारा उभा राहिला पाहिजे. इंजिन चालूं करणारा हात आणि या पोटांत काय होतें तें सांगणारें तोंड हीं एकाच माणसाचीं असावीं, एवढीच आमची अट आहे.

दुसरी अट मर्यादेची. २२ ऑगस्ट २०१५ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर शोरम येथें हंटर जातीचें एक जुनें जेट विमान प्रदर्शनांत कसरत करीत असतां रहदारीच्या रस्त्यावर कोसळलें आणि ११ माणसें मेलीं. त्यांतील कित्येक तर केवळ रस्त्यानें जाणारे होते. त्यांनीं जुन्या विमानावर प्रेम केलें नव्हतें. दुसऱ्याच्या प्रेमाची किंमत मात्र त्यांनीं दिली. जुन्या यंत्राच्या सेवकानें हा दिवस कधींही विसरतां कामा नये. चूक किती लहान असूं शकते याचेंही एक उदाहरण आहे. उडत्या व्हल्कनच्या, म्हणजे एक्सएच ५५८ च्या, हवा ओढण्याच्या मार्गांत २०१२ च्या मे महिन्यांत ओल टिपणाऱ्या पुड्या राहून गेल्या, आणि विमान धांवूं लागतांच त्याचीं दोन इंजिनें निकामी झालीं. वर्षानुवर्षांची निष्ठा एकीकडे आणि मुठींत मावणारी पुडी एकीकडे! वेल्सबर्नच्या विमानालाही हा अनुभव चुकला नाहीं. सप्टेंबर २०२२ मध्यें त्याच्या धांवेची तालीम चालू असतां तें वेळेवर थांबलें नाहीं आणि धावपट्टीच्या पलीकडे गेलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. न उडणारें यंत्रसुद्धां निरुपद्रवी नसतें, हें त्या दिवशीं पुन्हां दिसून आलें.

एक्सएच ५५८ ची कथा येथें पुरी सांगितली पाहिजे. अनेक वर्षांच्या श्रमानें तें १८ ऑक्टोबर २००७ रोजीं पुन्हां उडालें आणि पुढें कित्येक उन्हाळे लाखों लोकांनीं त्याला मान वर करून पाहिलें. मग ज्या कंपन्यांच्या तांत्रिक जबाबदारीवर तें उडत होतें, त्यांनीं कळविलें कीं, हें विमान जाणणारे लोक दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत, यापुढें आम्हांस हमी देतां येणार नाहीं. २८ ऑक्टोबर २०१५ रोजीं तें अखेरचें उडालें. विमान मोडलें नव्हतें. मोडली होती ती जाणत्या हातांची परंपरा. पुष्कळांच्या डोळ्यांत तेव्हां पाणी आलें असेल. आम्हांस मात्र त्या साऱ्या उद्योगांत तो दिवस सर्वांत थोर वाटतो. उडविणें हें कौशल्य होतें. उडवितां येत असतांना खालीं उतरविणें हा विवेक होता.

आणि येथें आम्ही पुन्हां त्या जळालेल्या रथापाशीं येतों. दग्ध झालेला रथ कोणाच्या तरी बसण्यानें टिकतो, हें महाभारतकारांनीं सांगितलें. वेल्सबर्नचें विमानही खरें पाहतां केव्हांच संपलें आहे. त्याचे कारखाने बंद झाले, त्याचें युद्ध झालें नाहीं, त्याचा शत्रु नकाशावरून गेला. थोडीं माणसें त्याच्यापाशीं बसलीं आहेत, एवढ्याच आधारावर तें उभें आहे. त्या बसण्याला सेवा म्हणावें कीं मोह, हें बसण्यावरून ठरत नाहीं, उतरण्यावरून ठरतें. श्रीकृष्णानें अर्जुनाला आधीं उतरविलें तें एवढ्याचसाठीं कीं, रथाबरोबर कोणी माणूस जळूं नये. ज्यांना आपल्या लाडक्या यंत्रापेक्षां त्याच्या जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा जीव अधिक प्रिय आहे, आणि यंत्रांतील हात थरथरूं लागतांच जे खालीं उतरूं शकतात, त्यांनीं तें विमान खुशाल सांभाळावें. त्यांनीं त्याला तेल घालावें, त्याचीं इंजिनें गर्जवावीं. मात्र गर्जना सुरू होण्यापूर्वीं पाहावयास आलेल्या एखाद्या मुलाला त्या मागल्या अंधाऱ्या खणांत क्षणभर बसवावें, आणि तें दार त्याला दाखवावें.